सहा शिलिंगांचा खाडा

दर हिवाळ्यात माझ्या पगाराच्या पाकिटावर पेनाने लिहिलेला एक आकडा असायचा. खाडे 6. खाडे 8. जानेवारी 1990 चं पाकीट मी अजून जपून ठेवलंय, त्यावर खाडे 11 आहेत. मी लेथवर होतो, वालीवच्या एका कारखान्यात. कामात वाईट नव्हतो, दारूला शिवत नव्हतो, आजारीही पडत नव्हतो. कबड्डी खेळायचो. डावा कोपरारक्षक. स्पर्धा रात्री प्रकाशझोतात व्हायच्या हे खरं, पण सामना रात्री एकला संपला आणि तोही अलिबागला, तर सकाळी सातच्या पाळीला वालीवला उभं कोण राहणार? मस्टरवर फुली पडायची. ती मारताना फोरमन विचारायचा, ‘‘काय, जिंकलात ना?’’ जिंकलो असलो तरी फुली तेवढीच मोठी असायची.

आमचे बाबा लालबागच्या गिरणीत बदली कामगार. गिरणीच्या दारात सकाळी उभं राहायचं, कोणी आला नसेल तर त्याच्या जागी काम मिळायचं. म्हणजे दुसऱ्याच्या खाड्यावर आमचं घर चालायचं. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला आणि आमच्यापुरता तो कधी मिटलाच नाही. 1985 ला चाळीतली खोली विकून आम्ही विरार पूर्वेला आलो. तेव्हा इथून जीवदानीचा डोंगर कुठूनही दिसायचा, आता इमारतींच्या फटीतून शोधावा लागतो. बाबा माझे सामने बघायला यायचे आणि घरी परतताना एकच वाक्य बोलायचे : ‘‘खाडा खेळाडूचा, नाव मंडळाचं.’’

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे माझा भाचा. तो सिडनीला असतो, हॅरिस पार्क भागात. तिथे रस्त्यावर डोसा, पाणीपुरी, साडीची दुकानं. मराठी माणसंही पुष्कळ. त्याच्या घरापासून चालत जाता येईल अशा अंतरावर पॅरामॅटाचं स्टेडियम आहे. एका रविवारी दुपारी त्याचा व्हिडिओ कॉल आला. मागे निळ्या-पिवळ्या कपड्यांतली तुडुंब गर्दी. ‘‘मामा, हे बघ, तुझाच खेळ आहे. फक्त माणसं दुप्पट जाड आहेत.’’

तो रग्बी लीग हा खेळ होता. पॅरामॅटाने शेवटचं विजेतेपद 1986 ला मिळवलंय. मी विरारला येऊन वर्ष झालं होतं तेव्हा. तरीही माणसं दर आठवड्याला जातात, हरलेलं बघतात, परत जातात. मला ही माणसं लगेच आवडली.

भाच्याला वाटतं तो खेळ म्हणजे संध्याकाळची विरार फास्ट. मला ही तुलना अजिबात पटली नाही. विरार फास्टमध्ये कोणी कोणाला पाडत नाही; तिथे पडायला जागाच नसते. हा खेळ जागेचाच आहे. मैदान शंभर मीटर लांब, 68 मीटर रुंद, एका संघात तेरा माणसं. आपलं कबड्डीचं मैदान 13 बाय 10 मीटर, त्यात सात-सात. म्हणजे तिथे पकड करायच्या आधी माणसापर्यंत पोहोचावं लागतं, आणि पोहोचेपर्यंत तोही वेगात असतो.

नियम कबड्डीवाल्याला चटकन समजतात. अंडाकृती चेंडू हातात घेऊन समोरच्या संघाच्या शेवटच्या रेषेपलीकडे टेकवायचा. त्याला ‘ट्राय’ म्हणतात, गुण चार. मग खांबांच्या मधून चेंडू लाथेने उडवला तर आणखी दोन. हाताने चेंडू पुढे द्यायचा नाही, फक्त मागच्याला किंवा बाजूच्याला. पुढे जायचं ते पायांनी. आता खरी गंमत. कबड्डीत पकड झाली, श्वास सुटला, की चढाईवाला बाद. बाहेर जाऊन बसायचं. रग्बी लीगमध्ये पकड झालेला माणूस उठतो. चेंडू जमिनीवर ठेवतो, पायाने मागे सरकवतो, मागचा उचलतो आणि खेळ पुढे. असं सहा वेळा. सहाव्या पकडीनंतर चेंडू समोरच्या संघाचा. म्हणून पाचव्या पकडीनंतर बहुतेक वेळा उंच लाथ मारून चेंडू लांब पाठवतात. ही सहाची मर्यादा 1972 पासूनची. त्याआधी काही वर्षं चार पकडींची होती, आणि त्याच्याही आधी मर्यादाच नव्हती. एकाच संघाने चेंडू पोटाशी धरून बसायचं आणि प्रेक्षकांनी जांभया द्यायच्या. आपल्याकडे आघाडी घेतलेल्या संघाचा चढाईवाला शेवटची पाच मिनिटं नुसता जाऊन रिकाम्या हाताने परत यायचा, तसंच. तिथेही नियमानेच सुटका केली.

भाच्याने मला एका पकडीची संथ केलेली चित्रफीत पाठवली. ती मी किती वेळा पाहिली असेन, बायकोला विचारा. चेंडूवाला जवळपास 110 किलोचा, धावत येतोय. पहिला बचावपटू त्याला छातीवर, चेंडूच्या उंचीवर धरतो, म्हणजे चेंडू दुसऱ्याला देता येऊ नये. त्याचं डोकं बघा : चेंडूवाल्याच्या अंगासमोर नाही, बाजूला, पाठीकडे. डोकं समोर राहिलं तर गुडघा किंवा कंबर थेट कानशिलावर. आमचे मास्तर मांडी पकड शिकवताना हेच ओरडायचे, डोकं बाहेर, डोकं बाहेर. दुसरा येतो तो पायांवर. तिसरा येतो तो फार हुशार : तो जोर लावत नाही, चेंडूवाल्याचा खांदा नुसता वळवतो, की माणूस पोटावर न पडता पाठीवर पडावा. पाठीवर पडलेल्याला उठायला एखादा सेकंद जास्त लागतो. तेवढ्यात बचावाची फळी दहा मीटर मागे जाऊन उभी राहते. दहा मीटर मागे जाणं सक्तीचं आहे, प्रत्येक पकडीनंतर. दहा मीटर म्हणजे आपल्या मैदानाची पूर्ण रुंदी. मागे पळा, वळा, पुढे धावून धडका, पुन्हा मागे पळा. ऐंशी मिनिटं. मधल्या फळीचा एखादा खेळाडू एका सामन्यात चाळीसेक पकडी करतो. मी अख्ख्या स्पर्धेत तेवढ्या केल्या नसतील.

हे वळवणं, चीत करणं वगैरे शिकवायला तिथले संघ कुस्तीचे प्रशिक्षक ठेवतात. ऐकून मला बरं वाटलं. कोल्हापूरच्या तालमीतल्या कोणाला तरी पाठवायला हवं.

पण खेळापेक्षा मला जास्त धरून ठेवलं ते या खेळाच्या जन्माच्या गोष्टीने. कारण हा खेळ खाड्यातून जन्मला. अक्षरशः.

रग्बी मूळची इंग्लंडच्या श्रीमंत शाळांची. पण उत्तरेकडे, यॉर्कशर आणि लँकेशरमध्ये, ती कापड गिरण्यांच्या आणि कोळशाच्या खाणींच्या गावांनी उचलली. लँकेशर म्हणजे ज्यांच्या कापडाशी आमच्या लालबाग-परळच्या गिरण्यांची स्पर्धा होती तेच. तिथला कामगार शनिवारी दुपारपर्यंत कामाला. सामना लांब असेल तर अर्धा दिवस, कधी पूर्ण दिवस बुडायचा. पगार कापला जायचा. उत्तरेच्या क्लबांचं म्हणणं साधं होतं : खेळण्याचे पैसे देऊ नका, पण बुडालेल्या रोजाचे तरी द्या. 1893 मध्ये लंडनला रग्बी संघटनेच्या सभेत हा ठराव आला. बाजूने 136, विरोधात 282. खेळ हा सभ्य गृहस्थांचा, त्यात पैसा नको, असं 282 लोकांनी ठरवलं. त्यातल्या कितीजणांना शनिवारी सुट्टी मागायला फोरमनसमोर उभं राहावं लागत होतं, हे मला विचारायचंय.

29 ऑगस्ट 1895 ला हडर्सफील्ड गावच्या जॉर्ज हॉटेलात उत्तरेचे क्लब जमले आणि फुटून बाहेर पडले. वेगळी संघटना काढली. खाड्याची भरपाई ठरवली : दिवसाला जास्तीत जास्त सहा शिलिंग. एवढ्याशा रकमेवरून एका खेळाचे दोन खेळ झाले. जुना रग्बी युनियन, नवा पुढे रग्बी लीग. नव्याने प्रेक्षकांना आवडावं म्हणून 1906 ला पंधराचे तेरा खेळाडू केले, खेळ मोकळा केला. आणि जुन्यांनी राग किती धरला? जो एकदा लीग खेळला त्याला युनियनची दारं कायमची बंद. हे शंभर वर्षं चाललं. 1995 च्या ऑगस्टमध्ये युनियनने स्वतःच व्यावसायिक खेळ मान्य केला, तोवर.

मधला एक तपशील मला फार आवडतो. 1898 ला उत्तरेने खेळाडूला उघड पैसे द्यायला परवानगी दिली, पण अट घातली की खेळाडूकडे खरी नोकरी हवी. नुसता खेळून पोट भरणारा नको. दारूच्या गुत्त्यातल्या वाढप्याची नोकरीसुद्धा खरी धरायची नाही. म्हणजे सोमवार ते शनिवार खाणीत उतरा आणि मग खेळा. आपल्या कबड्डीतला ‘व्यावसायिक गट’ याहून वेगळा होता का? बँका, रेल्वे, तेल कंपन्या यांचे संघ. खेळाडू तिथला नोकरदार, खेळासाठी रजा मिळते, पगार चालू. ज्याला अशी नोकरी लागली तो सुटला, ज्याला नाही त्याच्या पाकिटावर खाडे 11. मलाही एका मोठ्या कंपनीने दोन हंगाम झुलवत ठेवलं होतं. चाचणीला बोलावलं, जर्सी घालून चार स्पर्धा खेळवलं, पत्र येईल म्हणाले. कंपनीचं नाव लिहीत नाही. पत्र आलं नाही, एवढंच.

मग 1993 ला गुडघा गेला. घोटा पकड केली, चढाईवाला माझ्याच पायावर आडवा पडला, आतून काहीतरी तुटल्याचा आवाज मला एकट्याला ऐकू आला. आयोजकांनी शाल आणि श्रीफळ दिलं. श्रीफळाची चटणी झाली, शाल आईने वापरली. ऑपरेशन झालं नाही कारण पैसे नव्हते. आजही जिना उतरताना मी कठडा धरतो.

म्हणून ऑस्ट्रेलियातल्या अॅलेक बर्डनची गोष्ट वाचली तेव्हा पान बाजूला ठेवून जरा बसून राहिलो. 1907 ला सिडनीच्या या रग्बी खेळाडूचा खांदा दुखावला. काम बुडालं. संघटनेने उपचाराचे, बुडालेल्या रोजाचे काहीही दिलं नाही. सामन्यांना मात्र हजारोंची गर्दी आणि गल्ला भरलेला. खेळाडूंमध्ये कुजबुज सुरू झाली आणि ती कुठे, तर क्रिकेटपटू व्हिक्टर ट्रम्परच्या खेळसाहित्याच्या दुकानात. हो, तोच ट्रम्पर, 1902 ला मँचेस्टरच्या कसोटीत पहिल्या दिवशी जेवणाच्या सुट्टीआधी शतक ठोकणारा. ऑगस्ट 1907 मध्ये सिडनीत रग्बी लीगची संघटना झाली तेव्हा ट्रम्पर तिचा खजिनदार. त्या काळात क्रिकेटचा एवढा मोठा माणूस दुसऱ्या खेळातल्या कामगारांच्या भरपाईसाठी उभा राहिला. 1908 ला नऊ क्लबांची पहिली स्पर्धा झाली. आज तिचीच मोठी झालेली स्पर्धा माझा भाचा बघायला जातो.

आता तिथल्या व्यावसायिक खेळाडूचं आयुष्य कसं असतं? भाच्याच्या कार्यालयातल्या एकाचा भाऊ खालच्या पातळीवर खेळतो, त्याच्याकडून आणि वाचून जे कळलं ते सांगतो. हंगाम मार्च ते ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत. नोव्हेंबरपासून पूर्वतयारी, म्हणजे त्यांच्या ऐन उन्हाळ्यात धावणं. हंगामात आठवडा सामन्याभोवती फिरतो : सामन्याच्या दुसऱ्या दिवशी बर्फाचं पाणी आणि मालिश, मग स्वतःच्या चुकांच्या चित्रफिती सगळ्यांसमोर बसून बघणं, मग वजनं, कुस्ती, चाली, आणि सामन्याच्या आदल्या दिवशी कप्तानाच्या हाताखाली हलका सराव. प्रत्येक क्लबला पगारावर एकूण किती खर्च करता येईल याची कमाल मर्यादा आहे. पहिल्या तीस जणांच्या यादीत जो आहे तो पूर्णवेळ. यादीच्या बाहेर जो आहे तो सकाळी विटा उचलतो, संध्याकाळी सरावाला येतो. म्हणजे खाडा संपलेला नाही, फक्त तिसाव्या नावाच्या खाली सरकलाय.

आणि एक विचित्र गोष्ट. ज्याच्या कराराचं शेवटचं वर्ष सुरू होणार आहे तो 1 नोव्हेंबरपासून दुसऱ्या क्लबशी बोलणी करू शकतो. त्यामुळे खेळाडू पुढच्या वर्षी ज्याच्याविरुद्ध खेळणार त्याच क्लबसाठी यंदा रक्त आटवत असतो. आपल्याकडे एका मंडळाचा मुलगा दुसऱ्या मंडळात गेला तर वर्षभर, अगदी गणपतीतही, त्याच्याशी कोणी बोलत नाही.

अंगाने लहान माणसाला तिथे जागा आहे का, हा माझा पहिला प्रश्न होता. आमच्या वेळी कबड्डीत 80 किलोच्या आत असावं लागायचं. मी 68 चा. भाच्याने इंग्लंडच्या रॉब बरोचं नाव सांगितलं. उंची पाच फूट पाच इंच. लीड्स ऱ्हायनोजकडून 492 सामने, आठ वेळा अंतिम विजेता. शंभर-शंभर किलोच्या माणसांच्या काखेखालून निसटायचा. 2011 च्या अंतिम सामन्यातला त्याचा ट्राय बघा, आपल्याकडचा कोणीही चढाईपटू उभा राहून टाळी वाजवेल. 2019 च्या डिसेंबरमध्ये त्याला स्नायू निकामी करणारा मोटर न्यूरॉनचा आजार निघाला. त्याचा जुना कप्तान केविन सिनफील्ड 2020 ला सात दिवसांत सात मॅरेथॉन धावला, या आजारासाठी पैसे उभे करायला. 2023 ला लीड्सच्या मॅरेथॉनमध्ये त्याने रॉबला चाकाच्या खुर्चीत बसवून ढकलत नेलं आणि शेवटच्या रेषेशी उचलून घेऊन ती ओलांडली. 2 जून 2024 ला रॉब गेला, वयाच्या 41 व्या वर्षी.

डोक्याचा विषय टाळून या खेळाबद्दल लिहिणं खोटेपणाचं होईल. वारंवारच्या धडकांनी मेंदूला होणारा एक आजार आहे, सीटीई. माणूस गेल्यानंतर मेंदू तपासूनच तो पक्का कळतो. 2019 ला सिडनीच्या डॉक्टरांनी दोन माजी रग्बी लीग खेळाडूंच्या मेंदूत तो सापडल्याचं जाहीर केलं. 2022 ला गेलेल्या पॉल ग्रीन या माजी खेळाडू आणि प्रशिक्षकाच्या मेंदूतही तो निघाला. वय 49 होतं. आता तिथे डोक्याला मार बसल्याची शंका आली तर खेळाडूला बाहेर काढून डॉक्टर तपासतात, आणि मार बसल्याचं नक्की झालं तर 2023 पासून साधारणपणे अकरा दिवस खेळता येत नाही. आमच्या वेळी डोळ्यांपुढे अंधारी आली की तोंडावर पाणी मारून परत मैदानात ढकलायचे. मास्तरांना दोष देत नाही. त्यांनाही असंच ढकललेलं होतं.

तर, हे सगळं सिडनीत, इंग्लंडात. विरारला काय? विरारने देशाला पृथ्वी शॉ दिला. 2013 ला शालेय क्रिकेटच्या हॅरिस शील्डमध्ये त्याने 546 धावा केल्या आणि त्यानंतर काही वर्षं प्रत्येक बापाच्या खांद्यावर पहाटेच्या लोकलमध्ये मुलाची क्रिकेटची बॅग दिसायची. कबड्डीच्या मुलाला बॅग लागत नाही, म्हणून तो कोणाच्या डोळ्यांवर येत नाही. 2014 ला प्रो कबड्डी आली आणि चित्र पालटलं. 2018 ला मुंबईच्या रिशांक देवाडिगावर 1 कोटी 11 लाखांची बोली लागली, 2019 ला चंदगडच्या सिद्धार्थ देसाईवर 1 कोटी 45 लाखांची. तेव्हापासून मी ज्या पोरांना संध्याकाळी शिकवतो त्यांच्या आया मला विचारतात, ‘‘सर, आमच्याचं वजन किती पाहिजे?’’

माझ्याकडचा एक पोरगा, उजव्या कोपऱ्यावर खेळतो, वीस वर्षांचा. वालीवलाच पॅकिंगच्या कामाला, रोजावर. पकड दगडासारखी, आणि श्वास इतका की मैदान त्याला पुरत नाही. जून 2025 मध्ये अंधेरीला शहाजीराजे भोसले क्रीडा संकुलात रग्बी प्रीमियर लीग झाली, देशातली पहिली. सहा संघ, मुंबई ड्रीमर्स त्यातला एक. हा सात-सात जणांचा प्रकार, युनियनच्या घराण्यातला, म्हणजे खाडा नाकारणाऱ्या 282 जणांच्या वंशातला. आता तेच पगार देतात, गंमत आहे. चार-चार मिनिटांचे चार डाव, बस्स. एका सामन्याला मी त्याला घेऊन गेलो. त्याने दुपारनंतरचं काम सोडलं.

पाऊस पडून गेलेला, गवत निसरडं. परदेशी खेळाडू असे पळत होते की जणू त्यांच्यासाठी जमीन वेगळी आहे. पण एकदा आपल्याच एका मुलाने बाजूच्या रेषेजवळ धावणाऱ्याला मागून गाठून दोन्ही घोटे बांधले. घोटा पकड, पुस्तकात छापावी अशी. माझ्या शेजारचा पोरगा ताडकन उभा राहिला. ‘‘काका, ही तर मला येते!’’ मग पुढचा सगळा वेळ तो पायच बघत होता, चेंडूकडे लक्षच नाही.

परतीला अंधेरीहून विरार लोकल पकडली, बोरिवलीपर्यंत लटकत. मी त्याला हडर्सफील्डची गोष्ट सांगत होतो, त्याला अर्धीच ऐकू येत होती. त्याला एवढंच विचारायचं होतं की रग्बीचा सराव मुंबईत कुठे होतो, सकाळी किती वाजता, आणि सकाळचा असेल तर पाळी कशी जमवायची. मी म्हटलं, बघू. विरारला उतरल्यावर पुलावर कठडा धरून उभा राहिलो आणि खिशातून तीनशे रुपये काढून त्याच्या हातात ठेवले.

‘‘हे कसले?’’

‘‘आजच्या खाड्याचे. सहा शिलिंग.’’

त्याने नोटा मोजल्या, घडी घालून खिशात टाकल्या आणि म्हणाला, ‘‘अर्ध्या दिवसाचे साडेतीनशे होतात, काका.’’